त्र्याण्णवावे पान

त्र्यंबकरावांचे नीलकंठराव, नीलकंठरावांचे भालचंद्रराव आणि भालचंद्ररावांचे श्रीरंगराव. अमरावतीच्या उमाळकर घराण्यातल्या या चार पुरुषांनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता. एका संख्येच्या मागे चालत जायचे आणि ती कुठे जाऊन थांबते ते पाहायचे. पहिल्या तिघांना ते पाहायला मिळाले नाही. चौथ्याला मिळाले, आणि मिळाले नसते तर बरे झाले असते, असे म्हणायची पाळी त्याच्यावर आली.

त्र्यंबकराव इंग्रजी अमदानीत मोजणी खात्यात गणक होते. डोंगरमाथ्यांवरून मोजून आणलेले कोन कचेरीत येत आणि लघुगणकांच्या कोष्टकांवरून अंतरे काढण्याचे काम गणकांकडे असे. तिथली शिस्त कडक होती. प्रत्येक गणित दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून करायचे आणि उत्तरे जुळली तरच ते नकाशावर चढायचे. १९२१ सालच्या उन्हाळ्यात, विरंगुळा म्हणून, त्र्यंबकरावांनी डोळे मिटून कोष्टकावर बोट ठेवले आणि बोटाखाली आलेली सात अंकी संख्या एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली.

खेळ सांगायला सोपा आहे. कोणतीही संख्या घ्यावी, तिला निःशेष भाग देणाऱ्या आणि तिच्याहून लहान असलेल्या सगळ्या संख्यांची बेरीज करावी, आणि त्या बेरजेचे पुन्हा तेच करावे. बारा घेतले तर एक, दोन, तीन, चार आणि सहा यांची बेरीज सोळा. सोळाची पंधरा, पंधराची नऊ, नवाची चार, चाराची तीन आणि तिनाची एक. एकाच्या पुढे वाट नाही. बेरीज मूळ संख्येहून कमी भरली तर ती संख्या न्यून, जास्त भरली तर विपुल, आणि नेमकी तेवढीच भरली, जशी सहाची किंवा अठ्ठाविसाची भरते, तर पूर्ण. न्यून संख्या आली की ही संख्यांची माला उतरते, विपुल आली की चढते. काही माला एकावर येऊन विसावतात, काही गोल फिरत राहतात आणि काही चढतच जातात. त्या चढणाऱ्यांना शेवट आहे की नाही, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.

त्र्यंबकरावांनी मालेच्या प्रत्येक पदाला वहीचे एक पान दिले. संख्या सम की विषम, तिच्या अंकांची बेरीज किती, त्या बेरजेने तिला भाग जातो की नाही, तिचे मूळ अवयव कोणते आणि शेवटी, तांबड्या शाईने, ती न्यून की विपुल, एवढे सारे पानावर असे. घरात त्या पानाला संख्येची पत्रिका म्हणत. वह्यांचे दोन नियमही त्यांनीच घालून दिले. पहिला असा की मागच्या पिढीने लिहिलेल्या पानाला पुढच्या पिढीने हात लावायचा नाही. दुसरा असा की घरात आलेल्या प्रत्येक सुनेने पहिल्या पानापासून सगळ्या वह्यांची नक्कल करायची. कचेरीतल्या दुसऱ्या गणकाची ती आठवण होती. फरक इतकाच की कचेरीतला दुसरा गणक स्वतः गणित करीत असे, आणि सुनेने फक्त अक्षर काढायचे होते.

२०४४ साली श्रीरंगराव एकाहत्तर वर्षांचे होते. वीज कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती. माला दोन हजार तीनशे सतराव्या पानावर येऊन अडली होती. त्या पानावरची संख्या दोनशे अठ्ठेचाळीस अंकी होती. तिच्यातले लहान अवयव निघाले, पण दोनशे अकरा अंकांचा एक तुकडा फुटता फुटेना. अकरा वर्षे त्यांच्या घरातले तीन संगणक त्या तुकड्यावर डोके आपटत होते. भालचंद्ररावांनी मरताना मुलाचा हात धरून एवढेच म्हटले होते, "शेवट बघ." तो पाहण्याआधी आपणही जाऊ, ही एकच भीती श्रीरंगरावांना उरली होती.

मोठ्या संख्येचे अवयव पाडणे हे गुणाकाराच्या उलटे काम. दोन शंभर अंकी संख्यांचा गुणाकार चिकाटीचा माणूस कागदावर करील, पण उत्तरावरून त्या दोन संख्या शोधायच्या म्हटल्या तर जुन्या यंत्रांना युगे लागत. जगातल्या पेढ्यांची आणि दस्तऐवजांची कुलपे याच अडचणीच्या भरवशावर उभी होती. चिखलदऱ्याच्या पठारावर संख्याशाला नावाची संस्था निघाली आणि तिथल्या यंत्राने ही अडचण दूर केली, तेव्हा दोन वर्षे साऱ्या जगाची कुलपे बदलण्यात गेली. यंत्राची युक्ती अशी. एखादी लहान संख्या स्वतःशी पुन्हा पुन्हा गुणत जावी आणि दर वेळी मोठ्या संख्येने भागून उरलेला शेष लिहीत जावा. कधी ना कधी तेच शेष त्याच क्रमाने पुन्हा येऊ लागतात, रहाटाचे पोहरे फिरून वर यावेत तसे. किती पोहऱ्यांनंतर पहिला पोहरा परत येतो ते कळले की त्यावरून अवयव हाती लागतात. साध्या यंत्राला ते पोहरे एकेक करून मोजावे लागतात आणि ते आभाळातल्या ताऱ्यांहून अधिक असतात. गोठवण्याच्या पलीकडच्या थंडीत ठेवलेले हे यंत्र सगळे पोहरे एकाच वेळी फिरवते. त्या फिरण्यात खोटी आवर्तने एकमेकांना पुसून टाकतात आणि खरे आवर्तन तेवढे शिल्लक राहते.

दर बुधवारी संख्याशाला सामान्य माणसांसाठी खुली असे. आपली संख्या खिडकीवर द्यावी आणि तिची ओळख लिहून घ्यावी. त्या बुधवारी श्रीरंगराव एकोणतीस वह्यांची दोन गाठोडी घेऊन रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे एक वयस्कर बाई होत्या.

"हा आमच्या यांचा फोन नंबर होता," त्या खिडकीतल्या मुलीला म्हणाल्या. "जाऊन दोन वर्षं झाली. मूळसंख्या आहे का हो हा?"

"नाही काकू. सातने भाग जातो. तेरानेही जातो."

"जाऊ द्या. त्यांचंही असंच होतं. कुणीही यावं आणि वाटून न्यावं." बाई हसल्या, चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली आणि डोळे पुसत निघून गेल्या.

श्रीरंगरावांना मात्र खिडकीवर थांबावे लागले नाही. त्यांचा अर्ज आतल्या खोलीत गेला होता आणि आतल्या खोलीत या विभागाची प्रमुख बसली होती. दारावरच्या पाटीवर तिचे नाव होते, ऋजुता. ती त्यांची मुलगी. आई तिला घेऊन घराबाहेर पडली तेव्हा ती चार वर्षांची होती. आता सदतीस वर्षांची होती, आणि मधल्या तेहतीस वर्षांत बापलेकीची भेट झाली नव्हती.

"या. बसा," ती म्हणाली.

"ऋजू, तू..."

"ऋजुता म्हणा. वह्या सगळ्या आणल्यात?"

"सगळ्या. माझा अर्ज फक्त शेवटच्या पदासाठी आहे. तो एक तुकडा फोडून मिळाला की पुढचं मी बघेन."

"इथं तसं चालत नाही. माला आली की यंत्र पहिल्या पानापासून तपासतं आणि मगच पुढचं पाऊल टाकतं."

"मागचं तपासायची गरज नाही. चार पिढ्यांचं काम आहे ते."

"म्हणूनच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर अर्ज परत घ्या. बाहेर रांग आहे." ती हे शांतपणे म्हणाली. त्या शांतपणात श्रीरंगरावांना एका दुसऱ्या बाईचा आवाज ऐकू आला आणि त्यांनी नजर खाली घातली. हात गाठोड्याच्या गाठीवर तसाच राहिला. ती गाठ पुन्हा आवळून घरी निघून जावे, असे त्यांना क्षणभर वाटले. मग वडिलांचे दोन शब्द आठवले आणि त्यांनी गाठ सोडली.

पाने वाचून घ्यायला दुपार झाली. तपासणीला मात्र काही क्षणच पुरले. भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या रेघा एकाखाली एक उमटत गेल्या आणि मग थांबल्या. खाली एक लाल रेघ उमटली होती. श्रीरंगरावांनी चष्मा लावला नव्हता. तरी पानाचा क्रमांक कोणता असणार हे त्यांना न वाचता ठाऊक होते.

२०११ सालच्या मार्च महिन्यात उज्ज्वला, त्यांची पत्नी, वह्यांची नक्कल करीत त्र्याण्णवाव्या पानावर आली होती. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवीत असे आणि घरचे आवरून उरलेल्या वेळात पानभर नक्कल करी. १९३१ साली त्र्यंबकरावांनी लिहिलेल्या त्या पानावर एक दहा अंकी अवयव होता, १,२९,९९,६३,६०१, आणि त्याच्यापुढे 'मूळसंख्या' असे ठसठशीत अक्षरात लिहिले होते. एवढी संख्या मूळ आहे हे ठरवायचे तर तिला छत्तीस हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भागून पाहायला हवे, म्हणजे पावणेचार हजारांहून अधिक भागाकार. त्र्यंबकराव तसे करीत नसत. ते पाचशेपर्यंतच्या मूळसंख्यांनी भागून पाहत आणि पुढे एक जुनी कसोटी लावीत. कसोटी अशी की दोन ही संख्या स्वतःशी मूळसंख्येइतक्या वेळा गुणली आणि त्या मूळसंख्येने भागली, तर शेष दोनच उरतो. सात घ्या. सात वेळा दोन गुणले की एकशे अठ्ठावीस येतात, आणि त्यांना सातने भागून दोन उरतात. नऊ घ्या, शेष आठ उरतो. नऊ पकडले गेले. ही कसोटी बहुतेक वेळा खरे सांगते. पण संख्यांच्या राज्यात काही तोतये असतात. स्वतः मूळ नसताना ते मूळसंख्येचा वेष घेऊन या कसोटीतून बेमालूम निसटतात, आणि दोनाऐवजी दुसरी कोणतीही संख्या घेतली तरी सापडत नाहीत. पाचशे एकसष्ट हा असा एक तोतया, तीन, अकरा आणि सतरा यांच्या गुणाकाराचा. त्र्याण्णवाव्या पानावर त्याचाच एक मोठा भाऊबंद बसला होता.

उज्ज्वलेने केवळ हाताला चाळा म्हणून पाचशेच्या पुढच्या मूळसंख्यांनी भागायला सुरुवात केली. पंधराव्या भागाकाराला, सहाशे एकने, भाग पूर्ण गेला.

ती कागद घेऊन सासऱ्यांसमोर उभी राहिली. भालचंद्रराव झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही.

"सूनबाई, तुला नक्कल करायला सांगितलं होतं. तपासायला नाही."

"नक्कल करताना डोळे मिटायचे असतात का, बाबा?"

"त्र्यंबक उमाळकरांची चूक काढणारं माणूस अजून जन्माला यायचंय."

"आलंय की. अठ्ठ्याहत्तर सालीच आलं. तुमच्यासमोर उभं आहे."

भालचंद्ररावांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "श्री," ते मुलाला म्हणाले, "त्या पानाला कुणी हात लावला तर मी वह्या जाळून टाकीन. माझ्या आजोबांच्या, माझ्या बापाच्या, सगळ्या. सांग तुझ्या बायकोला."

उज्ज्वला नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही एकदा, स्वतःच्या हाताने, सहाशे एकने भागून बघा. माझं खोटं ठरलं तर बाबांच्या पायावर डोकं ठेवीन. बाकी मला काही नको. एक भागाकार द्या मला."

श्रीरंगरावांनी वडिलांकडे पाहिले. दहा अंकांचा भागाकार, पाच मिनिटांचे काम. ते उठले नाहीत.

त्यानंतर आठ दिवस दर सकाळी ती त्यांच्या टेबलावर एक कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल ठेवीत असे. दर संध्याकाळी तो कागद कोराच उचलून नेत असे. भांडण नाही, रडणे नाही. नवव्या दिवशी टेबलावर कागद नव्हता, आणि घरात उज्ज्वला नव्हती, आणि ऋजुताचे दप्तर नव्हते.

श्रीरंगरावांच्या कचेरीतला संगणक ती संख्या डोळ्याचे पाते लवण्याआधी फोडू शकला असता. घरातला फोडू शकला असता. तेहतीस वर्षांत त्यांनी ती संख्या एकदाही कोणत्याही यंत्राला दिली नाही. मालेसाठी लिहिलेला प्रत्येक कार्यक्रम ते चौऱ्याण्णवाव्या पानापासून सुरू करीत. वेळ वाचावा म्हणून, असे स्वतःला सांगत. जे माणसाला पक्के खोटे वाटते ते पडताळायला तो घाबरत नाही, हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

"तुमच्या पणजोबांनी केलेली चूक आहे," ऋजुता पडद्याकडे पाहत म्हणत होती. "साधी आहे. सहाशे एक, बाराशे एक, अठराशे एक, या तिघांचा गुणाकार. विभाजकांच्या बेरजेत एकोणचाळीस लाख सत्तर हजार आठशे सहाचा फरक पडला. बाकीच्या अवयवांमुळे तो वाढत गेला आणि पुढचं पद भलतंच लिहिलं गेलं."

"म्हणजे पुढचं सगळं..."

"पुढचं गणित चुकलेलं नाही. चौऱ्याण्णवाव्या पानापासून सगळी पानं बिनचूक आहेत. यंत्रानं नंतर तीही तपासली." तिने उघड्या गाठोड्याकडे पाहिले. "फक्त ती माला तुमच्या संख्येची नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी संख्येची आहे. तुम्ही सगळे त्या परक्या संख्येच्या मागे चालत गेलात."

खोलीत यंत्राच्या थंडाव्याचा घरघर आवाज येत होता. दोन हजार दोनशे चोवीस पाने. नीलकंठरावांची अधू झालेली नजर, आईने रात्रंदिवस केलेली नक्कल, वडिलांचा शेवटचा श्वास. श्रीरंगरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आणि आमची?" त्यांनी विचारले. "आमच्या संख्येचं पुढं काय होतं?"

ऋजुताने एक कळ दाबली. त्र्याण्णवाव्या पदाखाली नव्या रेघा उमटू लागल्या. संख्या थोडी चढली, मग न्यून आली, पुन्हा न्यून, आणि उतरणीला लागली. एकशे एकतिसाव्या पदाला मूळसंख्या आली. एकशे बत्तिसावे पद एक होते.

"एकोणचाळीस पानं," श्रीरंगराव पुटपुटले. "तिथून फक्त एकोणचाळीस पानं होती शेवटाला."

"हो."

तिच्या स्वरात नवल नव्हते. त्यांनी मान वर केली. "तुला माहीत होतं."

ऋजुताने खणातून एक दोनशे पानी वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. अक्षर त्यांच्या ओळखीचे होते. प्रत्येक पानावर सम की विषम, अंकांची बेरीज, मूळ अवयव आणि तांबड्या शाईने न्यून की विपुल. शेवटच्या पानावर एक. तारीख मे २०११ ची होती.

"शाळेच्या संगणकावर दोन दुपारी लागल्या तिला. मी शेजारी बसून चित्र काढत होते. नंतर सुट्टीभर तिनं ते हातानं लिहून काढलं, तुमच्या घरच्या पद्धतीनं, पत्रिकेसकट."

"मला कळवायचं होतं. काहीही झालं तरी हे कळवायला हवं होतं."

"कळवलं होतं." तिने वहीच्या मागच्या बाजूने एक पिवळे पडलेले पाकीट काढले. ते कधी फोडलेले नव्हते. पत्त्यावर आडवी रेघ होती आणि वर लिहिले होते, 'स्वीकारले नाही.' ते अक्षर श्रीरंगरावांचे होते.

ती सकाळ त्यांना आठवली. पोस्टमन दारात उभा होता आणि आतून वडील विचारीत होते, "कुणाचं रे?" त्यांनी दारातच पोस्टमनच्या पेनाने ते दोन शब्द लिहिले होते आणि आत जाऊन सांगितले होते, कुणाचे नाही.

ते पाकीट वहीवर ठेवीत ते म्हणाले, "अर्ज आला तेव्हाच मला सांगता आलं असतं तुला. यंत्र कशाला लावलंस?"

"माझं ऐकलं असतंत? तुमच्या घरात बायकांनी सांगितलेलं ऐकत नाहीत. यंत्राचं ऐकाल म्हटलं." एवढे बोलून तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले. समोर बसलेला माणूस म्हातारा होता. तिने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"कुठे असते ती?"

"अचलपूरला. पण मी विचारल्याशिवाय तुम्ही जायचं नाही." तिने तिथूनच फोन लावला. "आई, ते आलेत. हो, तपासलं. हो, पाहिलं त्यांनी. तुला भेटायचं म्हणतात." पलीकडून काहीतरी थोडक्यात सांगितले गेले. ऋजुताने फोन ठेवला. "उद्या सकाळी दहाला या म्हणाली. कोरे कागद घेऊन या म्हणाली."

दुसऱ्या दिवशी श्रीरंगराव घाट उतरून अचलपूरला पोचले तेव्हा पावणेदहा वाजले होते. ते कोपऱ्यावर उभे राहिले आणि दहाला फाटकातून आत गेले. ओसरीवर एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. उज्ज्वला सूप घेऊन गहू निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. पाठ पूर्वीसारखीच ताठ होती. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या बाईची नजर तिला आली होती, किंवा कदाचित ती पहिल्यापासूनच होती.

"बसा," तिने सूप बाजूला ठेवले.

"उज्ज्वला, मी काय तोंडाने..."

"बोलायला नाही बोलावलं तुम्हाला. भागायला बोलावलंय. चहा नंतर."

त्यांनी पिशवीतून कागद काढले. तिने पदराने टेबलावरची धूळ पुसली.

"संस्थेत माला तुझ्या नावानं नोंदवायला सांगतो मी," ते म्हणाले. "उमाळकरांचं नाव काढून टाकतो."

"ऋजूनं पाच वर्षांपूर्वीच विचारलं होतं. मी नको म्हटलं. संख्या तुमच्या पणजोबांची. त्यांनी बोट ठेवलं होतं तिच्यावर. राहू दे त्यांचंच नाव." तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. "त्यांचा मला कधी राग नव्हता हो. माणूस चुकतो. त्यांच्या जागी मीही चुकले असते. लिहा."

श्रीरंगरावांनी लिहिले. एक, दोन, नऊ, नऊ, नऊ, सहा, तीन, सहा, शून्य, एक. डावीकडे सहाशे एक. आठव्या वर्षी शिकलेले, आणि पुढे लाखो वेळा यंत्राकडून करवून घेतलेले ते काम त्यांना परके वाटू लागले.

"बाराशे नव्व्याण्णवात सहाशे एक किती वेळा?"

"दोन."

"मग लिहा की."

दोन. बाराशे दोन वजा केले, सत्त्याण्णव उरले. नऊ खाली घेतला. नऊशे एकोणऐंशी, एक वेळा, तीनशे अठ्ठ्याहत्तर. सहा खाली घेतला. तीन हजार सातशे शहाऐंशी. इथे त्यांनी सात लिहिले, वजा करायला गेले आणि अडले.

"सात नाही जात," ती म्हणाली. "खोडू नका, पुसा. स्वच्छ पाहिजे."

त्यांनी पुसले आणि सहा लिहिले. एकशे ऐंशी उरले. तीन खाली घेतला. अठराशे तीन. त्यांची पेन्सिल थांबली. सहाशे एक त्रिक अठराशे तीन. वजाबाकी केली आणि खाली शून्य आले.

श्रीरंगरावांनी तोंडावर हात ठेवला. आवाज आला नाही, पण खांदे हलू लागले. उज्ज्वलेने त्यांना थोडा वेळ दिला. ओसरीसमोरच्या रस्त्यावरून एक भाजीची गाडी ओरडत गेली. तिने तिच्याकडे पाहिले, मग पुन्हा कागदाकडे.

"संपलं नाही अजून," ती म्हणाली. "तीन अंक राहिलेत."

"शून्य आलं. आता पुढं..."

"शाळेत पोरी इथंच चुकायच्या. मधे शून्य आलं की संपलं समजायच्या. सहा खाली घ्या. सहाशे एक जातो का सहात?"

"नाही."

"मग वर शून्य लिहा. आता शून्य घ्या. साठ. जातो?"

"नाही."

"पुन्हा शून्य. खाऊ नका शून्यं, उत्तर चुकतं. आता शेवटचा एक."

सहाशे एक. एक वेळा. त्यांनी वजाबाकीची रेघ ओढली आणि तिच्याखाली शून्य लिहिले, सावकाश, गोल पूर्ण करून. वर उत्तर होते एकवीस लाख त्रेसष्ट हजार एक.

उज्ज्वलेने कागद आपल्याकडे ओढला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक वजाबाकीवर बोट ठेवीत तिने तो तपासला. घाई केली नाही. मग त्यांच्याच पेन्सिलीने खाली 'बरोबर' असे लिहिले, तारीख घातली आणि सही केली. तिने उज्ज्वला एवढेच लिहिले, आडनाव लिहिले नाही. कागदाची घडी घालून तिने तो गव्हाच्या डब्याखाली ठेवला.

"चहा घेता ना?"

दोघांनी चहा घेतला. ऋजुताला सर्दी झाली होती का, तिने विचारले. झालेली दिसली नाही, त्यांनी सांगितले. चिखलदऱ्याला या दिवसांत फार गारठा असतो, ती म्हणाली. कप रिकामे झाले.

"मी पुन्हा कधी आलो तर..." ते उठता उठता म्हणाले.

"कशाला?" तिने विचारले. त्या शब्दात टोचणी नव्हती. तिला खरोखरच कारण हवे होते. श्रीरंगरावांनी खूप शोधले, पण त्यांच्यापाशी एकही नव्हते.

"एवढंच मागितलं होतं मी तुमच्याकडे," ती म्हणाली. "ते आज मिळालं. आता माझं तुमच्याकडे काही राहिलं नाही. जपून जा."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. श्रीरंगरावांनी वहाणा घातल्या आणि अंगण ओलांडले. तेहतीस वर्षे त्यांना तिच्याशी बांधून ठेवणारा एकच धागा होता, तो म्हणजे तिचे काहीतरी देणे लागतो ही जाणीव. फाटकाची कडी लावताना ते त्यांना उमगले. आणि ते देणे त्यांनी आत्ताच, मधली शून्ये न गाळता, शेवटच्या अंकापर्यंत फेडले होते.